लाल दश्शी सगळ्यात लहान

माझ्या सासऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, हे आखाडा बाळापुरात सगळ्यात आधी मीच जाहीर केलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याच्या अंगावर धावून गेले असते. पण मी पडले नर्स. उपकेंद्रात वीस वर्षं सुया टोचल्या, तीन-तीन दिवसांची ट्रेनिंगं करून आले, त्यातलं एक म्हातारपणीच्या विसराळूपणाचं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले, दुसरं काय.

सासरे म्हणजे सटवाजी पाईकराव. मी त्यांना मामा म्हणते. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. भरल्या गाडीत कोण कुठं चढलं, कुठं उतरणार, कुणाचं लेकरू पूर्ण तिकिटाचं असून आईनं मांडीवर घेतलंय, हे त्यांना न बघता ठाऊक असायचं. रिटायर झाल्यावर ते डोकं रिकामं कसं बसणार? रोज दुपारी स्टँडमागच्या लिंबाखाली पत्त्यांचा डाव. जोडीला किसनराव गुरुजी, म्हणजे शाळेतून रिटायर झालेले आणि अजूनही आम्हा सगळ्यांना शिकवत असलेले, आणि कोंडीबा, मामांच्याच गावचा, हट्ट्याचा.

कधी रमी, कधी मेंढीकोट, पण खरा जीव एकवीसमध्ये. चिंचोक्यांवर चालायचं. पैशाला आमच्या घरात बंदी, ती मामांनीच घातलेली. एकवीसमध्ये पानांची बेरीज एकवीसच्या पुढं गेली की माणूस मेला. मामा कधी मरायचे नाहीत, कारण गेलेलं प्रत्येक पान त्यांच्या ध्यानात. "कोंडीबा, नको मागू. ल्हान पानं संपली, आता चित्रंच येतेत," असं सांगायचे, आणि कोंडीबा हट्टानं मागायचा आणि मरायचा. असा माणूस.

मागच्या थंडीत एक दिवस किसनराव गुरुजी उपकेंद्रात आले. मला वाटलं बीपी दाखवायला. तर खुर्ची ओढून बसले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, सटवाजीकडं जरा लक्ष द्या."

"काहून? काय झालं?"

"आठ दिवस झाले, पत्ते हातात घेतले की चारी गुलाम काढून बाजूला टाकून राहिला. म्हणतो, यांचं काम न्हाई. काल बदामची दश्शी मी टाकली तर त्यानं दुर्री टाकून हात उचलला. म्हणतो, लाल दश्शी सगळ्यात ल्हान. आणि उन्हं डोक्यावर असताना तीनदा विचारलं, दिस बुडाला का म्हणून."

ट्रेनिंगमध्ये आम्हाला घोकून घोकून सांगितलं होतं, या आजारात सांज व्हायला लागली की पेशंट गोंधळतो. लहानमोठं कळेनासं होतं. गेलेल्या माणसांबद्दल बोलायला लागतो. मी घरी जाताना शंभर पानी वही विकत घेतली आणि त्याच दिवशी पहिली नोंद केली.

रात्री जेवताना मी मामांना सरळ विचारलं, "मामा, दश्शी मोठी का दुर्री मोठी?"

"काळ्यात दश्शी. लालात दुर्री."

"असं कुठं असतंय?"

"माय खेळायची तसं."

"कोणत्या पत्त्यांनी?"

"गोल."

माझ्या नवऱ्यानं, प्रज्ञेशनं, भाकरीवरून मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी उठले. ताट धुतलं आणि वहीत लिहिलं: गोल पत्ते म्हणतात.

गुरुजींना विचारलं, तर त्यांनी छातीवर हात ठेवून निकाल दिला. पत्ते इंग्रजांनी आणले. पत्ता चौकोनी. एक्का सोडला तर मोठा आकडा तो मोठा, हे जगभर असंच. गोल पत्ते असते तर आम्ही शाळेत शिकवले नसते का? गुरुजींचं बोलणं असंच असतं, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण तेव्हा मला ते पटलं, हे कबूल करते.

महिनाभरात वहीची अकरा पानं भरली आणि मी मामांना नांदेडला डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं. मग म्हणाले, "आजोबा, शंभरातून सात वजा करत चला." मामा सुरू झाले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. डॉक्टर बस म्हणेपर्यंत ते खाली येऊन पोचले. "दोन उरले साहेब. पुढं काय करू?"

डॉक्टर हसले. म्हणाले, चाचण्या तर बऱ्या आहेत, पण या आजारात घरचे काय बघतात त्याला जास्त किंमत. मग मी पर्समधून वही काढली आणि मामांच्या समोर वाचायला लागले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मामा माझ्याकडं बघत नव्हते. हातातल्या टोपीची घडी करत होते, मोडत होते.

डॉक्टर म्हणाले, सुरुवात असू शकते. अशा पेशंटच्या मनात कधी कधी न घडलेल्या आठवणी तयार होतात, आणि त्याला त्या अगदी खऱ्या वाटतात. गोळ्या लिहून देतो, महिनाभर बघा, फरक नाही पडला तर सुरू करा.

त्यानंतर मामांनी लिंबाखाली जाणं सोडलं. कोंडीबा दोनदा बोलवायला आला, दोनदा परत गेला. घरात मी विचारलं तेवढंच बोलायचे. मला वाटलं, बघा, वाढलाच आजार.

एक दिवस दुपारी ड्यूटीवरून लवकर आले तर मामा बाजेवर बसलेले. पुढ्यात पत्त्यांचे तीन ढीग. खेळत नव्हते, नुसते ढीग बघत होते.

"करुणा," ते म्हणाले, "मला आता वाटून राहिलं, मायनं हे शिकवलंच नसंल. माझ्याच डोक्यातून निघून राहिलं सगळं. तू लिहून घेतलं ते बरंच केलं."

असं बोलणारा माणूस नाही तो. भर गर्दीत गाडी थांबवून आमदाराच्या माणसाला तिकीट काढायला लावणारा माणूस. मला भडभडून आलं. मी बाजेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मामा, सगळं सांगा. पहिल्यापासून."

त्यांची आई सखुबाई हट्ट्याला देशमुखांच्या गोठ्यात कामाला होती. शेण काढायची, अंगण झाडायची. आत बैठकीत मालक आणि पाहुणे गोल पत्ते खेळायचे. त्या खेळात एक पद्धत होती. दिवसा खेळलं तर डावाची सुरुवात एका रंगानं करायची, दिवस बुडाल्यावर दुसऱ्या रंगानं. दिवसा सुर्ख, म्हणजे लाल. रात्री सफेद. आत बसलेल्यांना सूर्य दिसायचा नाही, म्हणून ते बाहेर हाक मारायचे, "सखू, दिस बुडाला का?" सखुबाई आकाशाकडं बघून सांगायची. अशी बरीच वर्षं गेली. बाहेर राहून, आतलं बोलणं ऐकून, तिनं तो खेळ उचलला. घरी येऊन खोक्याचा पुठ्ठा वाटीनं आखून गोल कापला. लाल गेरूनं रंगवले, सफेदच्या जागी काळे बिब्ब्यानं. रात्री चिमणीच्या उजेडात पोराला शिकवला. ती वारली आणि पुठ्ठे कुठं गेले कुणाला ठाऊक.

"मग दिस बुडाला का असं तुम्ही लिंबाखाली विचारायचे ते?"

"डाव मांडायच्या आधी इचारावंच लागतंय. माय इचारायची. घरात आमी दोघंच, तरी इचारायची. अलीकडं ती लई आठवून राहिली, म्हणून तिच्यावाणी डाव मांडून बघितला."

मला एकदम वाटलं, हे खरं का खोटं ते एकदाचं ठरलं तर बरं. म्हाताऱ्याचा घोर तरी मिटेल. म्हणून मोबाईल काढला आणि शोधायला लागले. गोल पत्ते, लाल दश्शी लहान, दिवसाचा रंग, रात्रीचा रंग.

आणि निघालं ना सगळं. खेळाचं नाव गंजिफा. पत्ते मुळात इंग्रजांचे नाहीतच. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये निघाले असं मानतात, तिथून इराणाकडं, इजिप्तमार्गे युरोपात. आपल्याकडं गोल होऊन मोगलांबरोबर आले. आपण ज्याला किलवर म्हणतो तो शब्द डच लोकांचा. मामांचं लाडकं एकवीससुद्धा तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सात आवडीनं खेळायचे, अमेरिकेत गेल्यावर त्याचं ब्लॅकजॅक झालं. काळा गुलाम आला की तिकडं जादा बक्षीस मिळायचं, त्यावरून नाव पडलं असं म्हणतात.

"गुलामाला बक्षीस?" मामा म्हणाले. "आमच्यात तर त्याला जागाच न्हाई."

खरंच नव्हती. गंजिफ्यात एका रंगात एक मीर म्हणजे राजा, एक वजीर आणि एक ते दहा. बारा पानं. आपल्या पत्त्यांतले चार गुलाम काढले की प्रत्येक रंगात बाराच उरतात. निम्म्या रंगांत दहा मोठे, निम्म्यांत उलटं, दहा सगळ्यात लहान. दिवसाची सुरुवात सुर्खनं, रात्रीची सफेदनं. मी वही काढली आणि ओळीनं ताडून बघितलं. आजाराचं लक्षण म्हणून मी जे जे लिहिलं होतं, तो त्या खेळाचा एकेक नियम होता. साप म्हणून भुई धोपटली होती मी. अकरा पानं धोपटली.

मला हसावं का रडावं कळेना. मामांना वाचून दाखवलं तर त्यांनी तीनदा वाचायला लावलं. संध्याकाळी प्रज्ञेश आला तर त्यालाही वाचायला लावलं. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

पण गुरुजी गप्प बसणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लिंबाखाली जाऊन मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाले, "मान्य. खेळ होता. पण हा दरबारातला, सरदारांचा खेळ. सखुबाई कोण? गोठ्यात शेण काढणारी. तिला कोण शिकवणार? सटवाजीनं टीव्हीवर कुठं तरी बघितलं असंल, आणि आता मायच्या नावावर घालून राहिला. डॉक्टर म्हणाले ना, न घडलेल्या आठवणी?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेण काढणारीला डोकं नसतं का, असं तोंडाशी आलं होतं आणि मी ते बोलले पण. तरी रस्त्यानं घरी येताना माझ्यातली नर्स बोलायला लागली. गुरुजींचं बोलणं झोंबलं तरी त्यात खोट काढता येईना. हा आजार असाच असतो. खरी गोष्ट ऐकायची आणि ती खोट्या जागी चिकटवायची. खेळ खरा निघाल्यानं आई खरी ठरत नव्हती.

मामांच्या कानावर ते गेलंच. लहान गावात बोललेलं माणसाच्या आधी घरी पोचतं. ते म्हणाले, "गुरुजी बराबर बोलून राहिले. मायला कुणी बसवलं असंल खेळायला? माझंच काही तरी झालंय." आणि परत बाजेवर जाऊन पडले. दुसरी भाकरी बंद झाली.

वाट कोंडीबानं दाखवली. त्याला गंजिफ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हट्ट्याची माणसं ठाऊक होती. "मालकाचे लेक अमृतराव देशमुख गेले," तो म्हणाला, "पण त्यांची बायको हाय की. शकुंतलाबाई. औंढ्यात पोराकडं ऱ्हाते. ती त्या घरात सून म्हणून आली तवा सखूमावशी तिथंच कामाला व्हती. तिलाच इचारा ना."

त्यांच्या मुलाला, रविंद्रला, फोन केला. तो नागनाथाच्या देवळाजवळ कटलरीचं दुकान चालवतो. हट्ट्याची ओळखीची माणसं आहेत, आईंना भेटायला येतो, एवढंच सांगितलं. सखुबाईचं नाव काढलं नाही, पत्त्यांचं नाही. मामांनाही बजावलं, "तुम्ही कोण ते सांगायचं नाही. काही सुचवायचं नाही. गप पत्ते वाटायचे. त्यांना आपोआप आठवलं तरच खरं." एकदा घाईनं निदान करून बसले होते, दुसऱ्यांदा करणार नव्हते.

हिंगोलीला गाडी बदलून औंढ्याच्या एसटीत बसलो. मामा खिडकीशी. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "करुणा, ती न्हाई म्हणली तर उद्यापासून गोळ्या चालू कर. मी खाईन. तकलीफ देणार न्हाई तुला."

त्यांच्या हातावर हात ठेवला. सून सासऱ्याच्या हातावर हात ठेवत नाही आमच्यात, पण ठेवला.

शकुंतलाबाई दुकानाच्या वरच्या मजल्यावर खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. सत्त्याऐंशी वय, जाड भिंगाचा चष्मा, कानानं थोड्या कमी. रविंद्रनं ओरडून सांगितलं, "हट्ट्याची माणसं आहेत, आई." त्यांनी मान हलवली. चहा झाला. मी म्हणाले, "आजी, पत्ते खेळायचे का थोडा वेळ?" त्यांना नवल वाटलं असणार, पण म्हणाल्या, "बसा की. रिकामीच तर हाय मी."

मामांनी पिशवीतून पत्ते काढले. चार गुलाम काढून पिशवीत टाकले. आमच्या तिघांत पानं वाटायला लागले, आई वाटायची तशी, एकेक नाही तर चार-चार, उजवीकडून. एकदा पाच पानं गेली आणि एक परत घ्यावं लागलं. प्रत्येकाला सोळा पानं आली.

शकुंतलाबाईंनी आपली पानं उचलली, रंगवार लावली आणि तशाच बसून राहिल्या. काही टाकेनात. मामा खाली मान घालून बसले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही, दोन मिनिटं असतील. मनात म्हटलं, संपलं. कशाला आणलं मी या माणसाला इथं.

तेवढ्यात त्या दाराकडं वळल्या आणि मुलाला म्हणाल्या, "रविंद्र, बाहेर बघ रे. दिस बुडाला का?"

"आई, आत्ता कुठं साडेचार झालेत."

"मग लाल आधी. बदामचा राजा कुणाकडं हाय, त्यानं उतरा."

राजा मामांकडंच होता. त्यांनी तो पलंगावर ठेवला.

"असा एकटा न्हाई उतरत राजा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "संगं हलकं पान टाकावं लागतंय."

हे मोबाईलमध्ये मी वाचलेल्यात नव्हतं. मला तर ठाऊकच नव्हतं. मामांनी हातातली पानं नीट न बघताच त्यातलं एक काढलं आणि राजाशेजारी ठेवलं. बदामची दश्शी.

शकुंतलाबाईंनी वाकून बघितलं. "बराबर," त्या म्हणाल्या. "लालात तीच सगळ्यात हलकी."

माझा जीव भांड्यात पडला. पण मला अजून एक विचारायचं होतं. "आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं? सासऱ्यांनी?"

"सासरे कशाला शिकवतेत. त्यांना तिसरा गडी कमी पडला की मला पडद्याआड बसवायचे, आणि मला काही येत न्हाई म्हणून चिडायचे. नवी नवरी मी, चौदा वर्षांची. आमच्याकडं सखू म्हणून होती गोठ्यात. मी ताक घेऊन मागच्या दाराशी गेले की ती सांगायची. वैनी, राजा एकटा उतरू नका. वैनी, लाल दश्शी धरून ठेवू नका. सगळ्यात चांगली तीच खेळली असती." त्या थांबल्या. चष्मा काढून पदरानं पुसला. "पण तिच्या हातात पान कधी दिलं न्हाई कुणी. मी बी न्हाई दिलं. मला तवा काही वाटलं बी न्हाई."

रविंद्र दाराशी उभा होता, तो खाली दुकानात जायचं विसरला.

"तिनं घरी करून घेतले, बाई," मामा म्हणाले. "पुठ्ठ्याचे. मला शिकवलं."

शकुंतलाबाईंनी चष्मा परत लावला आणि त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "तू सखूचा?"

"व्हय. सटवा."

त्यांनी आपल्या हातातली सोळाच्या सोळा पानं पुढं केली आणि मामांच्या हातात दिली. का दिली ते बोलल्या नाहीत. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

दिवस बुडेपर्यंत आम्ही तिथं खेळलो. मी प्रत्येक डाव हरले. खाली उतरून स्टँडवर आलो तर गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसलो. मी मामांची माफी मागितली, वहीबद्दल, डॉक्टरांबद्दल, सगळ्याबद्दल. त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं.

"डोस्क्याचं मला एवढं भ्या न्हवतं गं," ते म्हणाले. "वय झालं, जाणारच हाय एक दिवस. पण तुमी समदे म्हणून राहिले ते खरं निघालं असतं, तर मायनं मला काहीच शिकवलं न्हवतं असं झालं असतं. मंग तिचं माझ्याजवळ काय ऱ्हायलं असतं?"